उशी घ्यायची नाही

३ फेब्रुवारी, सोमवार

आज कुलूपवाला माझ्यासमोरच्या स्टुलावर येऊन बसला आणि मी त्याच्या गळ्याभोवती टेप गुंडाळली.

एवढं लिहून उठले, पाणी पिऊन आले. आता नीट लिहिते. ही वही मापांसाठी आणली होती, पण तीन पानं भरली आणि विभागात छापील तक्ते आले, तेव्हापासून ती कपाटात पडून आहे. बोलायला घरात धाकटी आहे, पण हे तिच्याशी बोलायचं नाही. म्हणून वही काढली.

इस्पितळात माझं काम दाबकपडे शिवायचं. माणूस भाजतो, जखम भरते, सगळे म्हणतात सुटलो एकदाचे, आणि खरं दुखणं तिथून सुरू होतं. कातडीवर लाल, जाड, खाजरा व्रण उठतो आणि आजूबाजूचं सगळं स्वतःकडे ओढायला लागतो. तो उठू नये म्हणून घट्ट जाळीच्या कापडाची बाही, मोजा, गळपट्टा शिवून द्यायचा. दिवसाचे तेवीस तास अंगावर. प्रत्येकाला दोन नग, एक अंगावर, एक दोरीवर.

कुलूपवाला म्हणजे मी आणि धाकटी ज्या शिवणकारखान्यात होतो त्याचा मालक. बाया मधेच बाहेर जातात, त्यांच्याबरोबर मालही जातो, असं त्याच्या डोक्यात बसलं होतं. त्याने नियम काढला: कामाची पाळी सुरू झाली की मागच्या दाराला बाहेरून कुलूप. सहा वर्षांपूर्वी इस्त्रीच्या टेबलाकडून आग लागली तेव्हा ते कुलूप लागलेलं होतं. नऊ जणी भाजल्या. कोणी मेलं नाही, हे सगळे आवर्जून सांगतात. त्या नऊ जणींत धाकटी होती, उजवा हात खांद्यापासून मनगटापर्यंत. चौकशीत हा गृहस्थ म्हणाला, दार अडकलं असेल, लाकूड फुगतं. लाकूड फुगतं! तेवढ्यावर चौकशी मिटली.

आता त्याच्या गाडीचं इंजिन तापलं, त्याने झाकण उघडलं आणि उकळतं पाणी हनुवटीपासून छातीपर्यंत उडालं. जखमा भरल्यात. माझ्या तोंडाला मास्क, डोक्याला टोपी, त्यात मधे सहा वर्षं. त्याने मला ओळखलं नाही. दोनशे बायांत तो कोणाचं तोंड बघायचा म्हणा. यायचा तो घड्याळ बघायला.

मान जमेल तेवढी मागे टाकायला लावून हनुवटी ते गळ्याखालची खळगी असं माप घेतात. सोळा सेंटिमीटर भरलं. चांगली आहे मान. अजून तरी.

४ फेब्रुवारी, मंगळवार

धाकटीने विचारलं, "ताई, कालपासून तोंडाला कुलूप का लावलंयस?" मी दचकले. म्हटलं, काम वाढलंय.

तिचं नेहमीचं गाऱ्हाणं चालू आहे. ती रोपवाटिकेत काम करते, दिवसभर हात मातीत, आणि बाही ओली होऊन चिकटते. "सहा वर्षं झाली. हात माझा आहे की तुझ्या कापडाचा?" मी म्हटलं, व्रणाचा काय भरवसा, कधी डोकं वर काढेल सांगता येत नाही. तिची नवी बाही कापून ठेवली आहे. तेविसावी असेल.

मग नेहमीसारखी माझ्या बुटांवर घसरली. "हे कापडी बूट टाकून दे एकदाचे. जरा चांगल्या चपला घे की! तुला आवडायच्या." मी भांडी घासायला घेतली.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज डॉक्टरीणबाईंनी विभागातल्या सगळ्यांना पडद्यावर चित्रफीत दाखवली. या बाई व्रणांवर संशोधन करतात. आम्हा शिवणाऱ्या बायांना तोऱ्यात टाळत नाहीत, समोर बसवून सांगतात. मला त्यांच्याबद्दल आदर आहे. आजपासून जरा भीतीही वाटते.

काचेच्या बश्यांत त्यांनी व्रण बांधणाऱ्या पेशी वाढवल्या होत्या. एका बशीत खाली मऊ जेली, दुसरीत घट्ट जेली. मऊ जेलीवरच्या पेशी अंग आखडून निवांत बसल्या होत्या. घट्ट जेलीवरच्या पसरल्या, त्यांनी चारी बाजूंना हात टाकले आणि ओढायला लागल्या. तिसऱ्या बशीत खाली रबराचा पातळ पापुद्रा होता. पेशीने तो ओढला तशा त्याच्यावर चुण्या पडल्या. मशीनच्या दोऱ्याचा ताण जास्त झाला की कापडाला पडतात, तश्शाच. मी तसं बोलून गेले तर बाई खूश झाल्या.

"अगदी बरोबर," त्या म्हणाल्या. "पेशीला डोळे नाहीत. ती शेजारचा धागा धरते, ओढून बघते. सैल सुटला, तर थांबते. ताठ राहिला, तर तिला वाटतं काम अजून बाकी आहे. मग ती स्वतःच्या आत स्नायूसारखे दोर विणते आणि दुप्पट जोराने ओढते. बाहेर आणखी धागे घालते. धागे वाढले की जागा आणखी ताठ होते, आणि जागा ताठ झाली की ही आणखी ओढते."

मी विचारलं, "मग थांबते कधी?"

"ताण उतरला की. जखम मिटली, ताण उतरला, की या पेशी गप्प होतात आणि मरून जातात. तेच त्यांचं शहाणपण. पण काही राहतात. घट्ट जागी फार दिवस काढलेली पेशी मऊ जेलीवर आणून ठेवली ना, तरी कितीतरी दिवस ओढतच असते. समोर ओढण्यासारखं काही उरलेलं नसतं."

मग त्यांनी आमच्या कामाकडे मोर्चा वळवला. दाबकपडा बाजूने दाबतो, व्रणावरचा ताण उतरवतो, म्हणून कापड कुठल्या दिशेने ताणलं जातं याला फार महत्त्व. आणि मानेच्या पेशंटने उशी घ्यायची नाही. कधीच नाही. मान वाकवून ठेवली की बरं वाटतं, आणि जिथे बरं वाटतं तिथेच मान आखडते. हे वाक्य आमच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत आहे: उशी घ्यायची नाही.

घरी येताना मी वेगळाच हिशेब मांडत होते. माणसाची मान कायमची खाली आणायला सुरी लागत नाही. ताण कुठे ठेवायचा तेवढं कळलं पाहिजे, बाकीचं त्याच्याच पेशी करतात.

१० फेब्रुवारी, सोमवार

गळपट्टा शिवला. खोटं कशाला बोलू, इतकं मन लावून मी सहा वर्षांत काही शिवलं नव्हतं.

नेहमी जाळीचं कापड मानेभोवती आडवं ताणेल असं कापतात. मी ते उभं कापलं. वरची कड हनुवटीला, खालची छातीच्या पट्ट्याला, आणि सगळा ओढा खाली. मानेभोवती मात्र सैल. हनुवटीखाली एक जाड तुकडा असतो, तो मान वर ढकलतो. तो मी पातळ केला. बाहेरून काही कळत नाही. शिवण तर अशी झालीये की बक्षीस द्यावं.

धाकटीला सोळा महिने मान वळवता येत नव्हती, खांद्याकडून ओढ बसायची. रात्रंदिवस रडायची. आठवतं मला सगळं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

त्याला गळपट्टा घातला. तो म्हणाला, "अरे वा! मला वाटलं फाशी लावल्यासारखं होईल. हा तर मस्त आहे. लोक उगाच घाबरवतात." माझे हात फार छान आहेत म्हणाला. आभार मानले. दहा वर्षं त्याच्या कारखान्यात काढली, तेव्हा कधी 'बरं' सुद्धा म्हणाला नव्हता.

दुसरा नग पिशवीत घालून दिला. मग तो म्हणाला, झोपताना मान अवघडते, मागे लटकल्यासारखी होते. पाठीमागे भिंतीवर ते वाक्य होतं. त्याच्या पाठीमागे, माझ्या डोळ्यांसमोर.

मी म्हटलं, "उशी घ्या की. दोन घ्या. आराम महत्त्वाचा."

व्यायामाला जाणार का विचारलं तर म्हणाला, कामं असतात हो, बघू. मी आग्रह केला नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

झोप छान लागली. इतकी छान लागायला नको होती.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

साडेचौदा! दोन आठवड्यांत दीड सेंटिमीटर. हनुवटीच्या खाली डाव्या बाजूला बोटाएवढी लाल कड उठली आहे, हाताला दोरीसारखी लागते. मी तिच्यावरून अंगठा फिरवला. आत त्या पेशी बसल्या असतील, कंबर कसून, धागा धरून. ओढा म्हटलं बायांनो. पाळी सुरू आहे, दार बंद आहे, कुठे जाताय!

तो म्हणाला, खाज येते पण बाकी आराम आहे. येताना माझ्यासाठी बिस्किटांचा पुडा आणला होता. तो मी आमच्या झाडूवाल्या मावशींना दिला. त्यांनी विचारलं, "तू का नाही खात?" म्हटलं, दात दुखतो.

धाकटी घरी आज फार आनंदात होती. तिच्या रोपवाटिकेची दुसरी शाखा निघतेय, चार तासांवर, तिथे तिला प्रमुख म्हणून बोलावलंय. राहायला खोलीसुद्धा. मी विचारलं, "आणि तुझ्या बाहीचं कोण बघणार?" तिचा चेहरा पडला. पण प्रश्न रास्तच होता. आई जाताना तिचा हात माझ्या हातात देऊन गेली.

१३ मार्च, गुरुवार

तेरा. कड आता लांबून दिसते.

त्याला बोलायची हुक्की आली होती. बोलताना मान वर होत नाही, म्हणून भुवया उडवून वर बघतो. मला आधी मजा वाटली. मग त्याने काय काढावं? कारखाना.

"तुम्ही शिवता तशी शिवण माझ्याकडे पूर्वी होती," तो गळपट्ट्याची कड चाचपत म्हणाला. "टोकाला दुहेरी टाका. माझ्याकडच्या बाया घालायच्या. पुढे आग लागली, सगळं बसलं."

माझ्या तोंडातून निघालं, "ऐकलं होतं. दाराला कुलूप होतं म्हणे."

"कुलूप होतं, तर किल्लीही होती ना! किल्ली बाहेर नव्हती टांगलेली, माणसाकडे होती. त्यासाठी लाइनवर एक प्रमुख बाई ठेवली होती. तिने दाराशी थांबायचं, इतकंच तिचं काम. ऐन वेळी ती कुठे उलथली होती कोण जाणे. मी चौकशीत तिचं नाव घेतलं नाही. म्हटलं जाऊ दे, गरीब बाई."

गरीब बाई म्हणाला.

मी टेप गुंडाळून ठेवली आणि म्हटलं, पुढच्या वेळी नवीन जोड देते, हा सैल झालाय. अजून घट्ट ओढेल असा.

१४ मार्च, शुक्रवार

नाव घेतलं नाही म्हणे! नाव घेतलं असतं तर कुलूपही कबूल करावं लागलं असतं, म्हणून घेतलं नाही. लाकूड फुगलं म्हणणारा माणूस आज मला उपकार सांगतो!

नियम त्याचा होता. कुलूप त्याने आणलं. दार बाहेरून बंद करायची कल्पना त्याच्या टाळक्यातली. किल्ली कोणाकडेही असू शकली असती. बारा मिनिटं माणूस कुठेही जाऊ शकतो. माणूस आहे, खुंटी नाही.

नवीन जोड घरीच शिवणार आहे. विभागात उगाच कोणी बघायला नको.

१९ मार्च, बुधवार

डॉक्टरीणबाईंनी बोलावलं. त्यांच्यासमोर त्याचा तक्ता होता. सोळा, साडेचौदा, तेरा.

"हा आकडा का उतरतोय हो? तुमचे गळपट्टे कधी असे वागत नाहीत," त्या म्हणाल्या. "उशी घेत असणार. व्यायामाला तर एकदाही गेलेला नाही. तुम्ही जरा दटावा त्याला. बाराच्या खाली गेला तर मान सोडवायला कापावं लागेल, मांडीची कातडी काढून तिथे लावावी लागेल. आणि त्यानंतर पुन्हा हेच सगळं."

मी म्हटलं, "सांगते." त्यांनी माझ्यावर संशय घेतला नाही. घेतला असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

दाराशी पोचले तर त्यांनी विचारलं, "बहीण कशी आहे? बाही सोडून आता किती वर्षं झाली?" मी म्हटलं, घालते अजून. त्यांनी चष्मा काढला. "अहो, मी चार वर्षांपूर्वीच थांबवायला सांगितलं होतं! तो व्रण तेव्हाच निवला होता."

सांगितलं होतं का? असेल. त्या वेळी मी फार कामात होते.

मांडीची कातडी. पंधरा दिवस मांडी पेटल्यासारखी होते. धाकटीची दोनदा काढली होती. होऊ दे त्याचंही, मला काय.

२३ मार्च, रविवार

आज सकाळचं सगळं लिहायचं आहे.

मी मशीनवर नवीन गळपट्टा घेऊन बसले होते. धाकटी चहाचे कप घेऊन आली. तीही एकेकाळची शिवणारी, कापड तिला वाचता येतं. तिने कप ठेवला आणि तुकडा उचलून दोन्हीकडून ताणून बघितला.

"ताई, हे उभं कापलंयस. चुकलंय."

"नाही चुकलं."

"अगं, हे घालेल त्याची हनुवटी छातीला चिकटेल."

"माहीत आहे मला," मी म्हटलं, आणि मग सगळं सांगितलं. कोण आला, कसा बसला, उशीचं, बिस्किटांचं, सोळाचे तेरा कसे केले ते. सांगताना माझा आवाज चढत गेला. मला वाटलं होतं ती रडेल, गळ्यात पडेल. सहा वर्षं मी त्या क्षणाची वाट बघत असेन, मलाच माहीत नव्हतं.

ती म्हणाली, "हे कोणासाठी चाललंय?"

"तुझ्यासाठी! मग कोणासाठी?"

"मी कधी मागितलं?"

"तुझा हात जळला त्याच्या कुलपामुळे."

ती कपातल्या चहाकडे बघत म्हणाली, "ताई, मला आतून ऐकू येत होतं."

"काय?"

"जुडगा. तू धावत परत आलीस आणि एकेक किल्ली लावून बघत होतीस. लागत नव्हती. तू रडत होतीस, मोठ्याने किल्ल्या मोजत होतीस. मी आत दारालाच टेकून उभी होते, या हाताने दार ढकलत. तुला हाका मारत होते. तू बाहेर आहेस म्हटल्यावर मला तिथून हलायचं नव्हतं."

मी मशीनच्या चाकावर हात ठेवून बसले.

"मला वाटायचं, मला माहीत आहे हे तुला माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणून मी विषय काढत नव्हते. तू म्हणशील ती बाही घालत होते. एक झाली की दुसरी."

मग मी म्हटलं. सहा वर्षांत पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं. समोरच्या दुकानात चपला बघायला गेले होते. कुलूप लावून, जुडगा खिशात टाकून, दोन चपला बघायला. बारा मिनिटं. घेतल्यासुद्धा नाहीत.

"त्या निळ्या पट्ट्यांच्या," धाकटी म्हणाली. "मीच तुला सांगितलं होतं, दुकानात नव्या आल्यात, बघून ये." आणि तिला हसू आलं. एवढं सगळं होऊन तिला हसू आलं, आणि मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून गुरासारखी ओरडले. शेजारच्या काकूंनी दार वाजवलं तेव्हा तिने सांगितलं, काही नाही, ताईचा दात दुखतोय.

मी शांत झाल्यावर तिने हात पुढे केला. "काप."

मोठी कात्री घेतली आणि मनगटापासून खांद्यापर्यंत बाही उभी कापली. आतला हात इतक्या वर्षांत मी बघितला नव्हता असं नाही, रोज बघत होते. पण आज बघितला. फिका, सपाट, धुऊन धुऊन मऊ झालेल्या चादरीसारखा. कुठे कड नाही, लाली नाही. आत कोणी ओढत नाही. हा हात कधीच गप्प झालाय, आणि मी त्याला आवळून बसले होते.

"त्याचा राग सोड असं मी म्हणत नाही," ती कापलेली बाही गुंडाळत म्हणाली. "मला पण आहे. पण बोलायचं ते तोंडावर बोल. माझ्या नावाने कोणाच्या मानेवर शिवू नकोस."

दुपारी तिने रोपवाटिकेला कळवलं, येते म्हणून.

२५ मार्च, मंगळवार

मला त्याची दया आलेली नाही, हे आधी लिहून ठेवते. त्याला बघितलं की अजून माझे दात आवळतात.

पण मी काय करत होते ते आज मशीनवर बसल्यावर कळलं. मान खाली गेलेल्या माणसाला जमीन दिसते. तो आयुष्यभर जमीन बघत बसला असता, लोकांनी त्याला बिचारा म्हटलं असतं, आणि मी कोण, मी काय केलं, त्याने काय केलं, हे त्याला कधीच कळलं नसतं. हा कसला सूड? हे तर मीच त्याला उशी देणं झालं. मला तो माणूस समोर ताठ बसलेला पाहिजे. मी बोलेन तेव्हा त्याला माझ्याकडे बघता आलं पाहिजे. त्याला नीट दिसलं पाहिजे.

कापड आडवं घेतलं. हनुवटीखाली जाड तुकडा घातला, दुप्पट जाड.

२७ मार्च, गुरुवार

साडेबारा. कापायच्या आकड्यापासून अर्धा सेंटिमीटर.

नवीन गळपट्टा घातल्यावर तो कळवळला. "अहो बाई, हा तर गळा दाबतोय! आधीचा किती छान होता!"

"आधीचा माझ्याकडून चुकला होता," मी म्हटलं. "आणि उशीचं मी चूक सांगितलं. आजपासून उशी बंद. खांद्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवायचा आणि मान मागे सोडायची. दुखेल. व्यायामाला रोज यायचं, नाही आलात तर मी घरी माणूस पाठवीन."

जुने दोन्ही नग मागून घेतले आणि त्याच्यासमोर कात्रीने कापले. तो म्हणाला, तुम्ही फार कडक आहात. मी म्हटलं, हो.

१० एप्रिल, गुरुवार

तेरा. व्रणावर तेल लावून अंगठ्याने दाबून चोळायला शिकवलं. रोज दहा मिनिटं. मी स्वतःही चोळून देते. माझ्या अंगठ्याखाली ती दोरी आहे आणि दोरीत माझे दोन महिने आहेत. तो शिव्या घालतो. घालू दे.

धाकटी सोमवारी गेली. बसथांब्यावर अर्ध्या बाहीचा झगा घालून उभी होती, लोक बघत होते आणि तिला पर्वा नव्हती. मला फार रिकामं वाटतंय. मशीनवर बसलं की हात आपोआप तिच्या मापाकडे जातो.

२४ एप्रिल, गुरुवार

साडेचौदा. कड फिकट व्हायला लागली आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काय जादू केलीत?" मी हसले नाही. त्यांच्यासाठी पत्र लिहायला घेतलं आहे, तीनदा फाडलं.

धाकटीचा फोन आला होता. तिच्या खोलीला खिडकी आहे. चपला घेतल्या का म्हणून विचारत होती.

८ मे, गुरुवार

सकाळी चौथं पत्र पूर्ण झालं. काय शिवलं, कधी शिवलं, उशीबद्दल काय सांगितलं, सगळं. एप्रनच्या खिशात ठेवलं. पूर्वी तिथे जुडगा असायचा. साडेचारला बाईंच्या खोलीत जाऊन द्यायचं ठरवलं. त्यानंतर हे टेबल माझं राहील असं वाटत नाही.

तो तीनला आला. मी दार लावलं, मग विचार करून परत उघडलं, सताड उघडं ठेवलं. गळपट्टा काढला. टेप हातात घेतली. मग मास्क काढला, टोपी काढली.

"मान मागे टाका," मी म्हटलं. त्याने टाकली. सोळा. पहिल्या दिवशी होती तेवढीच.

"आता सरळ करा आणि माझ्याकडे बघा. ओळखता?"

त्याने बघितलं. आधी नुसतं, मग निरखून. मी त्याला घाई केली नाही. मनात दहा वेळा घोकलेलं भाषण होतं, जळजळीत, त्यातलं एकही वाक्य तोंडात आलं नाही.

"कुलूप तुम्ही आणलंत," मी म्हटलं. "किल्ली माझ्याकडे होती. मी चपला बघायला गेले होते. दाराच्या आत माझी बहीण होती. तुम्ही लाकडावर ढकललंत, मी तुमच्यावर. आणि फेब्रुवारीत तुमची मान मी मुद्दाम बिघडवली. तक्रार करायची असेल तर डॉक्टरीणबाई साडेचारला खोलीत आहेत. मी पण तिथेच असेन."

बाहेर झाडूवाल्या मावशी बादली सरकवत होत्या, तो आवाज येत होता. त्याची मान ताठ होती, मी स्वतः शिवून, चोळून वर आणलेली, कुठे ओढ नाही, आखडणं नाही. तरी डोळे खाली गेले.

तक्त्यात सोळा लिहायचं होतं. टेपवरचा आकडा मला पुन्हा बघावा लागला, कारण माझेही डोळे खालीच होते, त्याच्या बुटांवर.